मार्सडेनमध्ये राहायला येताय? मग आधी हे वाचा

हडर्सफील्डच्या रुग्णालयात किंवा विद्यापीठात, नाहीतर लीड्स-मँचेस्टरकडच्या एखाद्या कंपनीत नोकरी लागली की घर शोधताना रेल्वेच्या नकाशावरून बोट फिरतं आणि कधीतरी मार्सडेनपाशी येऊन थांबतं. वेस्ट यॉर्कशरच्या पश्चिम टोकाला, पेनाइन डोंगरांच्या बेचक्यात हे गाव आहे. हडर्सफील्ड इथून साधारण सात मैल. मँचेस्टरला जायचं तर आगगाडी डोंगराच्या पोटातून पलीकडे निघते. गाव देखणं आहे, यात शंका नाही. पण नुसत्या देखणेपणावर भुलून आलेल्यांना पहिला हिवाळा जड जातो आणि त्याहून जड जातं ते एकटेपण. दोन्हींवर उपाय आहे. तो क्रमाने सांगते.

पहिलं काम: घर ऊन आणि ओल पाहून घ्या

दरी अरुंद आहे आणि हिवाळ्यात सूर्य डोंगराच्या फार वर येत नाही. दरीच्या एका अंगाला असलेल्या घरांना डिसेंबरमध्येही दुपारी ऊन मिळतं, समोरच्या अंगाला आठवडेच्या आठवडे सावली. म्हणून घर बघायला भर दुपारी जा आणि बैठकीच्या खोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते स्वतः पाहा. जमलं तर पाऊस पडत असताना जा. तेव्हाच कळतं की पन्हळ कुठे गळते आणि पायऱ्यांवरून पाणी कुठे वाहतं.

इथली जुनी घरं दगडाची. कित्येक घरांच्या वरच्या मजल्यावर ओळीने अरुंद खिडक्या दिसतात, दोन खिडक्यांमध्ये फक्त एक दगडी पट्टी. ही विणकरांची घरं. गिरण्या येण्याआधी लोकरीचं कापड घरोघर हातमागावर विणलं जायचं आणि मागावर उजेड पडावा म्हणून खिडक्यांची अशी सलग रांग काढायचे. आज त्याच उजेडासाठी लोक या घरांच्या प्रेमात पडतात. मात्र या भिंती भरीव दगडाच्या असतात. नव्या घरांच्या भिंतींमध्ये मधे पोकळी असते, ती यांत नाही. त्यामुळे घर तापायला वेळ लागतो, भिंती गार राहतात आणि आपल्या स्वयंपाकाची वाफ नेमकी त्या गार भिंतीवर जाऊन बसते. कुकरच्या चार शिट्ट्या, वर उकळता रस्सा आणि खिडकी बंद, असं महिनाभर चाललं की कपाटामागे काळी बुरशी दिसायला लागते. स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवा, दार लावा, खिडकी बोटभर उघडा. थंडी वाजली तरी उघडा.

भाड्याने घेत असाल तर ऊर्जा प्रमाणपत्र मागा. 'ए' ते 'जी' अशी श्रेणी असते आणि भाड्याच्या घराला सर्वसाधारणपणे किमान 'ई' लागते. अनामत रक्कम सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घरमालकाने ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त ठेव योजनेत भरायची असते. त्याचा कागद मिळाल्याशिवाय गप्प बसू नका. मोबाइलची रेंज घराच्या आत, मागच्या खोलीत तपासा; रस्त्यावर असलेली रेंज जाड भिंतीआड टिकतेच असं नाही.

एक सुखाची गोष्ट: डोंगरातल्या जलाशयांचं इथलं पाणी मऊ आहे. डाळ पटकन शिजते, किटलीत पांढरा थर साचत नाही. लंडनहून येणाऱ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

दुसरं: कागदपत्रं पहिल्या आठवड्यात उरका

गाव कर्कलीज कौन्सिलच्या हद्दीत येतं. कौन्सिल टॅक्सची, म्हणजे घरपट्टीसारख्या कराची, नोंदणी तिथेच करायची. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. डॉक्टरांकडे, म्हणजे जीपीकडे, नाव आजारी पडण्याआधी नोंदवा. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मुलं शाळेत जाणार असतील तर दोन तारखा लिहून ठेवा: माध्यमिक शाळेच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर, प्राथमिकची १५ जानेवारी. वर्षाच्या मधेच आलात तर कौन्सिलच्या शाळाप्रवेश विभागाशी थेट बोला. कचऱ्याचा करडा डबा नेहमीच्या कचऱ्याचा, हिरवा पुनर्वापराचा. तुमच्या गल्लीचा वार शेजाऱ्यांना विचारा. ओळख करून घ्यायला याहून सोपं निमित्त नाही.

तिसरं: येण्याजाण्याची सवय लावून घ्या

स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे, तेव्हा गाडी पकडताना चढणीची पाच मिनिटं हिशेबात धरा. थांबत जाणाऱ्या गाड्या साधारण तासाला एक, त्यामुळे एक चुकली की बराच वेळ जातो. या मार्गाच्या सुधारणेचं मोठं काम बरीच वर्षं चाललेलं आहे आणि त्यासाठी काही शनिवार-रविवारी गाड्या बंद ठेवून बस सोडतात. विमान पकडायचं असेल तर आदल्या आठवड्यातच वेळापत्रक बघा. शनिवारी दुपारी मात्र वेगळीच गर्दी असते. या मार्गावरच्या एकेका स्टेशनाला उतरून तिथल्या पबमध्ये बिअर पिण्याची टूम आहे आणि मार्सडेन त्यातला एक थांबा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर शनिवारी सकाळीच निघा.

शेजारच्या गावाचं नाव पाटीवर 'स्लेथवेट' असं वाचाल, पण गावकरी त्याला 'स्लाविट' म्हणतात. गाडीत विचारपूस करताना हे माहीत असलेलं बरं.

हिवाळ्यात मँचेस्टरच्या दिशेने वर चढणाऱ्या ए-६२ रस्त्यावर बर्फ साचतो. रस्त्याकडेच्या मिठाच्या पेट्या चढावर टाकण्यासाठी आहेत, सगळ्यांच्या आहेत. पण त्यातलं मीठ स्वतःच्या अंगणासाठी पोत्याने भरून नेऊ नका.

डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. तो मनावर घ्या. छत्रीवर पैसे घालवू नका, इथला वारा ती उलटी करतो. टोपीवालं, पाणी आत न शिरणारं चांगलं जाकीट आणि घोट्यापर्यंतचे बूट ही खरी खरेदी.

चौथं: बोलायला शिका आणि बोला

शहरात अनोळखी माणसाकडे बघून हसलात तर लोक दचकतात. इथे उलट आहे. कालव्याकाठी समोरून येणाऱ्याला काही न बोलता ओलांडून जाणं उद्धटपणाचं मानतात. 'ए अप', 'नाऊ देन', 'ऑल राइट?' ही सगळी नमस्कारासारखी आहेत, 'ऑल राइट?' ला तब्येतीचा अहवाल अपेक्षित नसतो, उलट 'ऑल राइट' म्हणून पुढे जायचं. दुकानातली बाई 'लव्ह' म्हणून हाक मारेल, बसचालकही मारेल. त्यात सलगी नाही, ही इथली साधी रीत आहे. दुपारच्या जेवणाला पुष्कळ जण 'डिनर' म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी'. म्हणून कुणी 'टी'ला बोलावलं तर पोटभर खाऊन जाऊ नका, तिथे जेवण असतं.

यॉर्कशरचा माणूस गोड बोलून वेळ काढत नाही. 'वाईट नाही' हे त्याच्याकडून आलेलं भरघोस कौतुक समजा. पहिल्या भेटीत तो घरी बोलावणार नाही, पण बर्फात तुमची मोटार अडकली तर फावडं घेऊन येईल. हा स्वभाव कळला की मनाला लागण्यासारखं फारसं काही उरत नाही.

खाण्याबद्दल एक सूचना आवर्जून. यॉर्कशरमध्ये कित्येक दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तिला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. शाकाहारी असाल किंवा गोमांस खात नसाल तर 'ड्रिपिंग की तेल?' असं स्पष्ट विचारा. कुणाला राग येत नाही. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतं. ५ नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्री मिळणारा पार्किन नावाचा ओट्स, आलं आणि काकवीसारख्या पाकाचा केक आपल्या जिभेला लगेच आवडतो. त्यात कधी डुकराची चरबी वापरतात, तेवढं विचारून घ्या. रोजचं सामान गावात मिळेल, पण कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, पोहे यांसाठी हडर्सफील्डच्या दक्षिण आशियाई दुकानांत फेरी मारावी लागते.

पबमध्ये दारू प्यायलाच हवी असं अजिबात नाही. लिंबूपाणी मागा, चहा मिळत असेल तर चहा मागा. मागणी काउंटरवर जाऊन करायची. कुणी सगळ्यांसाठी पेयं आणली तर पुढची फेरी आपली, हे मात्र विसरू नका. लोक बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

पाचवं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गावातलं एक काम अंगावर घ्या

मार्सडेनला जे काही घडतं ते बहुतेक गावकरीच घडवतात. ब्रास बँड आहे, त्यात शाळकरी पोरांच्या शेजारी आजोबा बसून वाजवतात. मेकॅनिक्स हॉल ही एकोणिसाव्या शतकातली, मनोऱ्यावर घड्याळ असलेली इमारत गावाच्या मधोमध उभी आहे. कामगारांना शिकता यावं म्हणून अशा संस्था निघाल्या होत्या. आज तिथे गावचे कार्यक्रम होतात. मिक्रॉन नावाची नाटकमंडळी याच गावची. १९७२ पासून ती दौऱ्यावर आहे आणि उन्हाळ्यात कालव्यातल्या अरुंद बोटीने गावोगाव जाऊन पबच्या अंगणात, बागेत, जिथे जागा मिळेल तिथे खेळ करते.

सणांचंही तसंच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बोल्क होतो: मशालींची मिरवणूक, ढोल, आणि हिवाळ्याचा जॅक फ्रॉस्ट व वसंताचा ग्रीन मॅन यांची लुटुपुटीची लढाई. तो दर वर्षी होतोच असं नाही, गावच्या फलकावर बघा. एप्रिलच्या अखेरीस कुकू डे. कुकू पक्षी आला की वसंत येतो, मग तो पक्षीच कोंडून ठेवला तर वसंत कायमचा राहील, असं म्हणून पूर्वी गावकऱ्यांनी त्याच्याभोवती भिंत बांधली. पक्षी वरून उडून गेला. भिंत एका थराने कमी पडली, असं गावकरी आजही अभिमानाने सांगतात. ऑक्टोबरमध्ये जॅझ महोत्सव, तेव्हा पबांपासून रस्त्यापर्यंत सगळीकडे संगीत असतं.

आता मुद्दा असा की प्रेक्षक म्हणून या सगळ्याला दहा वर्षं गेलात तरी तुम्ही पाहुणेच राहाल. आपल्याकडे गावच्या पंगतीत जेवून उठणाऱ्याला कुणी ओळखत नाही, वाढायला उभा राहिलेला पोरगा कुणाचा ते सगळे विचारतात. इथेही तेच चालतं. खुर्च्या मांडायला जा. मिरवणुकीत पिवळं जाकीट घालून रस्ता अडवायला उभे राहा. कालव्याचा काठ साफ करणाऱ्या गटात महिन्यातून एक सकाळ द्या. इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटत असेल तर हा मार्ग अधिकच सोयीचा, कारण हात चालू असले की बोलणं आपोआप निघतं. फार मोठं काम पत्करून मधेच सोडण्यापेक्षा लहान काम नेमाने करा. नेम दिसला की लोक नावाने हाक मारू लागतात.

सहावं: कशावर अभिमान आहे ते जाणून घ्या

एक रविवार कालव्याच्या काठाने टनेल एंडपर्यंत चालत जा. हडर्सफील्ड नॅरो कालवा तिथे डोंगरात शिरतो. स्टँडएज बोगदा हा ब्रिटनमधला कालव्यांवरचा सर्वांत लांब, सर्वांत खोल आणि सर्वांत उंचीवरचा बोगदा. लांबी सव्वातीन मैल, खुला झाला १८११ मध्ये. आत घोड्याला चालायला वाट नाही. म्हणून घोडे डोंगरावरून पलीकडे नेत आणि माणसं बोटीवर उताणी पडून बोगद्याच्या भिंतींना पायांनी रेटा देत बोट पुढे ढकलत. भरलेली बोट पार व्हायला तीनेक तास लागायचे. विसाव्या शतकात कालवा बंद पडला आणि मुख्यतः स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलेल्या चिकाटीमुळे २००१ मध्ये पुन्हा वाहता झाला. मोसमात बोटीने आत जाता येतं, मुलांना न्याच. तुमची रोजची आगगाडी त्याच डोंगरातून, बाजूच्याच १८९४ च्या बोगद्यातून जाते.

दुसरी गोष्ट लडाइटांची, म्हणजे रोजी हिरावणारी यंत्रं फोडणाऱ्या कारागिरांची. कापड कातरणाऱ्या कारागिरांच्या पोटावर ज्या यंत्रांमुळे पाय आला ती यंत्रं मार्सडेनचा लोहार इनॉक टेलर याच्या भट्टीत बनत. ती फोडायला वापरला जाणारा भला मोठा घणही त्याच्याच नावाने 'इनॉक' म्हणून ओळखला जाई. एप्रिल १८१२ मध्ये इथला गिरणीमालक विल्यम हॉर्सफॉल याच्यावर हडर्सफील्डहून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणात जॉर्ज मेलर या लडाइटाला आणि त्याच्या दोन साथीदारांना जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला फाशी झाली. या इतिहासाबद्दल गावात एकच मत नाही. यंत्रं फोडणारे अडाणी होते, असं पटकन बोलून टाकू नका. मुंबईचा गिरणगाव ज्यांनी बघितलाय त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. इथली शेवटची मोठी गिरणी, बँक बॉटम, २००३ मध्ये बंद पडली. तिथे काम केलेली माणसं अजून तुमच्या शेजारी राहतात. त्यांना विचारा. ते सांगतील.

२०१९ पासून ब्रिटनचे राजकवी असलेले सायमन आर्मिटेज याच गावात वाढले. पूल हिल नावाच्या टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत त्यांची बर्फावरची कविता खडकात कोरलेली आहे. पायवाटेने वर जा, वारा पडलेला असताना. अक्षरांवरून बोट फिरवता येतं.

सातवं: मूरवर जाताना

गावाच्या तिन्ही बाजूंना उघडा, झाडं नसलेला दलदली डोंगरमाथा आहे, त्याला मूर म्हणतात. त्यातली पाच हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. खाली पीट, म्हणजे हजारो वर्षं साचलेली, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ओली माती. वर गवत, हेदर आणि जूनमध्ये पांढरा शुभ्र कापूसगवताचा फुलोरा. सुरुवातीला ईस्टरगेटच्या दगडी पुलापर्यंतची वाट घ्या. पूल इतका अरुंद की दोन माणसं शेजारून जाणं कठीण, आणि कठडे मुद्दाम बुटके, म्हणजे मालाने लादलेल्या घोड्यांची ओझी अडकू नयेत.

नियम थोडे आहेत, पण ते मोडणं गाव खपवून घेत नाही. इथे आग पेटवायची नाही: बार्बेक्यू नाही, फटाके नाहीत, उडते कंदील नाहीत. कौन्सिलचा तसा बंदी आदेश आहे. एप्रिल २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये इथे मोठे वणवे लागले. हिवाळ्यानंतरचं वाळकं गवत ठिणगीसरशी पेटतं, आणि खालचं पीट पेटलं तर आतल्या आत धुमसत राहतं. ते पुन्हा साचायला शतकं लागतात. जमिनीवर घरटी करणारे कर्ल्यू, गोल्डन प्लोव्हर यांच्यासाठी १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावर हवा. दगडांच्या कोरड्या भिंतींवर चढू नका. फाटक जसं सापडलं तसंच सोडा.

धुकं दहा मिनिटांत उतरतं. कागदी नकाशा, शिट्टी, विजेरी आणि जास्तीचा स्वेटर हवाच, उन्हाळ्यातही. अडकलात तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. येणारे लोक स्वयंसेवक असतात, आपापली नोकरी सांभाळून येतात, आणि पैसे घेत नाहीत. त्यांच्या देणगीच्या डब्यात नंतर काहीतरी टाका.

जलाशयांत पोहू नका, कितीही उकडत असलं तरी. वरचं पाणी कोमट लागतं, हातभर खाली अंग आखडून टाकणारा गारठा असतो.

आपले सण

दिवाळीला दारात आकाशकंदील लावा, पणत्या लावा, शेजारी विचारतील तेव्हा फराळ द्या. तिखट चिवडा वेगळ्या डब्यात. दिवाळीच्या रात्री कायद्याने एक वाजेपर्यंत फटाक्यांना मुभा आहे, पण मेंढ्या, घोडे आणि कुत्री आवाजाने बिथरतात, म्हणून बिनआवाजी आणा आणि आजूबाजूच्या चार घरांना आधी सांगून ठेवा. गणपती शाडूचा घ्या. विसर्जन घरी बादलीत करा, कालव्यात किंवा जलाशयात नाही. बटरलीसारखे जलाशय पाणीपुरवठ्याचे आहेत. माती विरघळली की बागेत घाला. आरतीला शेजाऱ्यांना बोलावायचं असेल तर संध्याकाळी सातची वेळ द्या आणि सातला सुरू करा. ते सातला पाच कमी असताना दारात उभे असतील.